काकाकुव्याचा तुरा

पिंजऱ्यांना पितळी घुंगरं बांधायचे, त्या काळातली गोष्ट. एका सरदाराच्या ओसरीवर एक पोपट होता. माणसांचा एकच शब्द त्याला शिकवलेला, "वाहवा!" शेजारच्या पिंजऱ्यात गुलाबी काकाकुवा आला. त्याचा लाल-पिवळा तुरा फुलला की माणसं टाळ्या पिटत आणि पोपटाचा नुसता जळफळाट होई.

"चैन आहे बुवा तुझी!" पोपट म्हणाला.

"कसली चैन? भीतीनं उभा राहतो रे हा तुरा," दांडीवर येरझाऱ्या घालत काकाकुवा म्हणाला. "टाळ्यांनी तर जास्तच."

पोपटाला ते नाटक वाटलं.

एका दुपारी मांजर काकाकुव्याच्या पिंजऱ्यावर चढलं. तुरा ताठ झाला.

"बघा, मांजरापुढेही नाचतोय!" सरदार हसला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता पोपटाला कळलं. माणसांना मदतीला बोलवायला तो जीव तोडून ओरडला, "वाहवा! वाहवा!"