कोंडाबाईनं पोचवलेला पाहुणा

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे सावरदऱ्यात पिठाची गिरणी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा घरोघरी जाती होती आणि पहाट झाली की सगळं गाव घरघरायचं. आता दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, मग दाणे नुसते चेंगरतात, पीठ पडत नाही. अशा वेळी टाकी-हातोडी घेऊन दगडाला पुन्हा बारीक खाचा पाडाव्या लागतात. हे काम गावात कोंडाबाई पाथरवटीण करायची. तिनं टाकवलेल्या जात्याचं पीठ चिमटीत धरलं तरी कळायचं नाही, असं म्हणतात.

पण ऐन उमेदीत तिचे सांधे धरले. आधी बोटांची पेरं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. पहाटे डोळे उघडायचे, पण मुठी उघडायच्या नाहीत. मग ती अंथरुणातच बसून एकेक बोट दुसऱ्या हातानं सरळ करायची, आणि त्या दुसऱ्या हाताचीही तीच रड. अंबाडा घालायला शेजारणीला हाक मारावी लागे. लुगड्याच्या निऱ्या खोचता येत नसत, म्हणून ती लुगडं नुसतं गुंडाळायची. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. निरगुडीचा पाला झाला, एरंडेल झालं, गरम राखेचा शेक झाला. ज्याला त्याला एक औषध माहीत होतं आणि एकाचाही गुण येत नव्हता.

कोंडाबाई काही सोसून गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ती आपल्या गुडघ्यांना शिव्या घालायची. दोन सवती एका घरात नांदाव्यात तशी ती त्यांच्याशी भांडायची. ऐकणाऱ्यांना कंटाळा यायचा. बाई दारात दिसली की लोक आत सटकायचे आणि जातं बोथट झालं की मात्र तिलाच बोलवायचे. एवढं दुखत असून ती काम का सोडत नाही, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, घरी बसले तर काय दुखायचं थांबणार आहे?

एक दिवस मात्र ते थांबलं. ती पाटलांच्या सोप्यात जातं टाकवत होती आणि मध्येच हातोडी तिच्या हातात पिसासारखी हलकी झाली. पेरं मोकळी झाली, गुडघे मोकळे झाले. कोंडाबाई इतकी हरखली की काम टाकून उभी राहिली आणि उगीचच सोप्यात येरझाऱ्या घालू लागली. दिवे लागायच्या आत पाटलांची धडधाकट आई उंबऱ्यात बसल्या जागी गेली. प्रेत उचललं आणि कोंडाबाईचा ठणका परत आला. पुढे तेल्याच्या घरी तसंच झालं, मग गुरवाच्या घरी. दुखणं थांबायचं आणि त्या घरातलं कुणीतरी जायचं. मरण जवळ आलं की कोंडाबाईचे सांधे सुटतात, हे मग लहान पोरांनाही कळलं.

गाव हादरलं. पण माणसं मोठी हिकमती असतात. त्यांनी असा विचार केला, की बाईचं दुखणं थांबलं की मरण येतं, तर मग दुखणं थांबूच द्यायचं नाही. घरात कुणी आजारी पडलं की ते कोंडाबाईला सन्मानानं बोलवून आणायचे आणि ओल्या फरशीवर बसवायचे. पायाशी गार पाण्याची घागर लवंडायचे. तिची शेगडी उचलून न्यायचे. आणि सगळे भोवती बसून मोठ्या काळजीनं विचारायचे, "दुखतंय का, बाई?" ती दात खाऊन म्हणायची, "दुखतंय." की सगळ्यांचे चेहरे खुलायचे. ज्यांना तिचं रडगाणं ऐकायला वेळ नव्हता, तेच आता ते ऐकायला रांग लावून बसू लागले. आजारी माणूस बरा व्हायचा तर बरा व्हायचा, जायचा तर जायचा, पण कोंडाबाई मात्र दर वेळी भिंत धरत घरी यायची. त्या गावाचा तिला मनापासून राग आला, आणि राग येणार नाही तर काय होईल?

त्याच वर्षी उन्हाळ्यात, सावरीचा कापूस गावभर उडत होता तेव्हा, भर दुपारी तिच्या ओट्यावर एक पाहुणा येऊन बसला. मध्यम वयाचा, अंगात पांढरी बाराबंदी, बोलणं मऊ. लांबून आलो म्हणाला, पण पायांवर धूळ नव्हती. तिनं पाणी दिलं. तांब्या त्यानं ओठांना लावला आणि खाली ठेवला. पाणी होतं तेवढंच होतं.

आणि कोंडाबाईच्या ध्यानात आलं, की तांब्या तिनं एका हातानं उचलून आणला होता.

कोण आलंय हे तिला तिथंच कळलं. पाहुणा म्हणाला, "काही दिवस टेकावं म्हणतो. तुमची अडचण नाही ना?" हाकलून द्यावं असं तिच्या जिभेवर आलं होतं. पण त्या वेळी तिचा एकही सांधा दुखत नव्हता, आणि असं किती वर्षांनी झालं होतं हे तिलाही आठवत नव्हतं. ती म्हणाली, "टेका."

त्यानंतरचे दिवस कोंडाबाईच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, हे सांगितलंच पाहिजे. ती आपला अंबाडा आपण घालू लागली. निऱ्या खोचून चापूनचोपून लुगडं नेसू लागली. मांडी घालून जेवली. नदीवर जाऊन वाळूत उगीच पाय रोवून उभी राहिली. पाहुणा ओट्यावरून उठत नव्हता, खात नव्हता, पापणीही लववत नव्हता, पण तिनं तिकडे बघायचंच सोडून दिलं. शेजारची हौसा कुंभारीण गावची सुईण होती. तिला ओट्यावरचा पाहुणा कधी दिसला नाही, त्याच्या शेजारी बसून ती पान खाऊन जायची. बाईची टापटीप बघून तिला शंका आली. तिनं विचारलं, "कोंडाक्का, दुखतंय न्हवं?"

कोंडाबाईला ती ओली फरशी आठवली. ती म्हणाली, "दुखतंय की."

ती पहिल्यांदाच खोटं बोलली. सगळं गाव त्या एका शब्दावर निर्धास्त झालं.

मग गावात विचित्र गोष्टी घडू लागल्या. पोरं पडायची, गुडघे फोडून घ्यायची, पण रडायची नाहीत. म्हाताऱ्यांच्या कंबरा सरळ झाल्या. बैलाच्या खांद्याला जखम होऊन त्यात किडे पडले तरी बैल निवांत रवंथ करायचा. कुणालाच काही दुखेना. लोकांना वाटलं, देवानं डोळे उघडले. खंडू सुतार वाकसानं लाकूड तासत होता, वाकस निसटून पायात रुतला. त्याला कळलंच नाही. काम संपवून तो गाणं म्हणत घरी गेला, बायकोनं ताट वाढलं, आणि पहिला घास हातात धरून तो तसाच बसून राहिला. त्याच्या मागं सुतारकामाच्या छपरापासून घरापर्यंत रस्ता लाल झाला होता. तेव्हा गावाला समजलं, की न दुखणं हे काही नेहमी चांगलं नसतं.

कोंडाबाईनं तो रस्ता पाहिला. घरी येऊन ती ओट्याकडे न बघता आत गेली आणि दार लावून बसली. तरीही पाहुण्याला जा म्हणायचं तिच्यानं झालं नाही. उद्या सांगू, असं ती रोज स्वतःला सांगत राहिली.

अशातच तिची नात साळू बाळंतपणाला आली. साळूची आई लहानपणीच वारलेली, तिला कोंडाबाईनंच वाढवलं होतं. दुखऱ्या हातांनी न्हाऊमाखू घातलेली ती पोर, कोंडाबाईचा सगळा जीव तिच्यात. साळू ओट्याची पायरी चढली तेव्हा पाहुण्यानं पहिल्यांदा मान वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूचं पोट दुखू लागलं. एक कळ आली, दुसरी आली, आणि मग काहीच नाही. हौसा बाजेपाशी बसून वाट बघत होती. साळू हसून म्हणाली, "आज्जे, बरं वाटाया लागलं बघ. काय बी दुखंना." तिचा चेहरा हळूहळू पिठासारखा पांढरा पडत चालला होता. हौसानं पोटावर हात ठेवून पाहिलं. कळा सरल्या होत्या, मूल मध्येच अडकलं होतं. हौसा कोंडाबाईच्या कानाशी येऊन म्हणाली, "कळच न्हाई तर प्वार भाईर कसं येनार? अशानं दोगंबी जात्याली गं."

कोंडाबाई उठून ओट्यावर आली आणि तिनं पाहुण्याला सरळ निघायला सांगितलं. तो तितक्याच मऊपणानं म्हणाला, की निघायला आपली हरकत नाही, पण रिकाम्या हाती परतायची आपल्यात रीत नाही. आत जी दोघं आहेत त्यांना घेऊन निघतो.

आता सावरदऱ्यातही एक रीत होती. पाहुणा निघाला की घरातलं माणूस त्याच्याबरोबर गावच्या शिवेपर्यंत पोचवायला जायचंच. कुणी पोचवायला निघालं की पाहुण्यानं ओट्यावर बसून राहणं म्हणजे त्या घराचा अपमान. कोंडाबाईनं पदर खोचला आणि पायरी उतरून खाली उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "पोचवायला मी येते."

पाहुण्यानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग आत बाजेकडे बघितलं. आणि असं म्हणतात, की त्या दिवशी तो पहिल्यांदाच ओट्यावरून उठला.

दोघं निघाली. म्हणजे लोकांना दिसली ती एकटी कोंडाबाई. काठी नाही, लंगडणं नाही, तरण्या पोरीसारखी झपाझप चाललेली. मधेच ती कुणाशी तरी बोलत होती. जिथून ती पुढं जाई तिथं मागं एकेकाचं दुखणं परत येई. पोरं भोकाड पसरू लागली, बैल हंबरला, म्हातारे कंबर धरून खाली बसले. सगळ्या गावात कण्हणं पसरलं.

शिवेवर निवडुंगाच्या रांगेत एक दगड होता. पाहुणा तो ओलांडून काही पावलं पुढं गेला. कोंडाबाई दगडापाशी थांबली, आणि तेवढ्या अंतरानं तिच्या गुडघ्यात ठणका उठला. मग मनगटात, मग बोटाच्या पेरापेरात. आणि त्याच वेळी मागून, गावातून, साळूची किंकाळी ऐकू आली. पाठोपाठ एक बारीक, चिडकं रडणं.

कोंडाबाई तिथं उभी राहून रडली. तिला परत जायचं होतं. पणतू होता की पणती, तेही तिला माहीत नव्हतं. दुखऱ्या हातांनीच का होईना, एकदा ते बाळ मांडीवर घ्यायचं होतं. जन्मभर ज्या ठणक्याला तिनं शिव्या घातल्या, तो तिला त्या घटकेला हवाहवासा वाटला.

पाहुणा वळून उभा होता. तो म्हणाला, "तुम्ही फिरलात तर मीही फिरतो. मला घाई नाही."

तिनं आपल्या गुडघ्यांवरून एकदा हात फिरवला. मग तिनं दगड ओलांडला.

संध्याकाळी गावकरी शोधत गेले. शिवेपलीकडच्या फुफाट्यात पावलं उमटली होती. लांब ढांगांची, सरळ, मोकळी. एकाच माणसाची. माळावर बरंच पुढं गेल्यावर ती पावलं मधेच संपली. परत येताना कोंडाबाईला ओल्या फरशीवर बसवणाऱ्यांना मान वर करवेना. तिची टाकी-हातोडी घरी तशीच होती. तरीही उन्हाच्या वेळी माळाकडून कधीकधी दगडावर टाकी पडल्यासारखा आवाज येतो, असं म्हणतात. काही जण म्हणतात, मरणाच्याही घरी एक जातं आहे आणि ते टाकवायचं काम आता तिच्याकडे आहे. आणि ती ते मुद्दाम नीट करत नाही.

त्या शिवेवरच्या दगडाला लोक आता ठणकाई म्हणतात. सावरदऱ्यात आज दवाखान्याची गाडी येते, बायका तालुक्याला जाऊन बाळंत होतात. पण कळा सुरू झाल्या की गावातल्या सगळ्यात दुखऱ्या सांध्यांच्या म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून, घोंगडं पांघरून, शेगडी जवळ ठेवून ठणकाईपाशी नेतात. बाई असो की बुवा, हा मान सांध्यांचा. त्यानं गावाकडे पाठ करून माळाकडे तोंड करून बसायचं आणि पोटभर कण्हायचं. त्याला गप्प बस म्हणायची कुणाला मुभा नाही. थोड्या थोड्या वेळानं घरचं कुणीतरी येऊन दुखतंय का विचारतं, आणि दुखतंय म्हटलं की लगेच बाळंतिणीच्या माणसांना फोनवर सांगतं. मूल गावात आणलं की पहिल्यांदा त्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर आणून ठेवतात.

आणि कधी काळी बसल्या जागी त्याचं दुखणं एकदम थांबलं, तर काय करायचं तेही गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते माणूस घोंगडं बाजूला ठेवतं, कुणाचा आधार न घेता खुर्चीतून उठतं आणि माळाकडे चालू लागतं. त्याला मागून हाक मारायची नसते.