पोटाचा संशय

अंगातले अवयव एकमेकांशी मोठ्याने बोलत, त्या काळची ही गोष्ट. घाटावरचा सावळाराम कुंभार पहिल्यांदाच समुद्रात निघाला होता. मडकी फुटतील या धास्तीने तो मचव्याच्या तळाशी त्यांच्यावर नजर ठेवून बसला.

थोड्या वेळाने कानाच्या आत राहणारं पाणी म्हणालं, "आपण हलतोय."

"काहीतरीच! मडकी आहेत तिथेच आहेत," डोळे म्हणाले.

"मग आम्ही ऐकायचं कुणाचं?" पायांनी विचारलं. सावळाराम उठायला गेला आणि धडपडला.

पोट हे सगळं गुपचूप ऐकत होतं. दोघांपैकी एकजण नक्की खोटं बोलतोय, म्हणजे आपल्यावर विषप्रयोग झालाय, असं त्याने ठरवलं. "ही सकाळची भाकरी! हिचा रंग मला तेव्हाच खटकला होता."

"अहो, नाचणीची आहे मी. काळीच असते," भाकरी कळवळली.

पोटाने ऐकलं नाही. सावळाराम कसाबसा मचव्याच्या काठाशी पोचला आणि भाकरी समुद्रात गेली.

तो पुन्हा खाली निघाला, तेव्हा मचवा चालवणाऱ्या तांडेलाने त्याचा दंड धरला. "कुंभारदादा, मडकी काय बघत बसतोस? लांब पाण्याची कड बघ."

डोळ्यांनी पाहिलं. कड वरखाली होत होती. "हलतोय खरे," ते ओशाळून म्हणाले. पाय लगेच ताठ उभे राहिले.

"म्हणजे विष नव्हतंच?" पोटाने विचारलं.

दुपारी त्याला कडकडून भूक लागली. भाकरी माशांनी केव्हाच खाल्ली होती, आणि त्यांतल्या एकालाही काही झालं नव्हतं.