मोकाश्यांच्या हिरवळीतला तेरडा

जरा कडेकडेनं या, मंडळी. ही मोकाश्यांची हिरवळ. एवढी राखलेली हरळी, आणि तिच्यात तेरडा, सोनकी, कुर्डू माजू कसं दिलं, असं शहरातली माणसं विचारतातच. पण कुसवड्यात या अंगणातलं रानफूल कुणी उपटत नाही. त्यामागं एक हकिकत सांगतात.

फार मागं मोकाश्यांच्या घरात दोन सुना होत्या. थोरली म्हाळसा, धाकटी येसू. हरळी म्हाळसेनं लावलेली. उन्हाळाभर डोक्यावरून पाणी आणून तिनं ती जगवली म्हणे. गणपतीला अख्खा गाव दूर्वा न्यायला तिच्याकडे यायचा.

येसू कड्यावरच्या वाडीतली. माहेरच्या ओटीतल्या धान्यात मिसळून रानाचं बी आलं, ते अंगणात सांडलं, आणि श्रावणात हिरवळभर तेरडा उठला. भाद्रपदात सगळं गुलाबी. दूर्वांना आलेली माणसं फुलांपाशीच थबकू लागली. “येसूचा पायगुण,” म्हणू लागली. म्हाळसा तेरडा रोज उपटायची, तो दुप्पट यायचा.

पुढल्या श्रावणात सासू म्हणाली, “यंदा गौर अंगणातल्या तेरड्याचीच करू. येसू आणील.”

बारा वर्षं गौर म्हाळसा आणत होती. घाटाखालून बैलांवर आलेलं मीठ घरात होतं. दुपारी सगळी शेतावर गेल्यावर तिनं ते पाण्यात कालवून तेरड्यावर ओतलं. आठवड्यात तेरडा मेला, आणि तिची स्वतःची हरळीही करपली.

गौरीच्या दिवशी मिठाचं पोतं रिकामं पाहून सासूनं विचारलं, “मीठ कुणी ओतलं?”

येसूनं जावेचे मिठानं फुटलेले हात पाहिले आणि म्हणाली, “माझ्या हातून झालं, आत्याबाई.”

“मग गौर तू आणायची नाहीस.”

सासूनं शेताच्या बांधावरचा तेरडा मागवून म्हाळसेच्या हाती दिला. हवं होतं ते मिळालं. पण उंबऱ्याशी तिचं पाऊल उचलेना.

“आत्याबाई, मीठ मी ओतलं. हिचं कौतुक मला बघवेना.”

तिनं गौर येसूच्या हातात दिली आणि खाली बसून धाकटीचे पाय धुतले. “आळ का घेतलास गं?” तिनं विचारलं.

“गौर दारात असताना घरात भांडण नको वाटलं, जाऊबाई.”

ते पाणी अंगणात जिथवर वाहिलं, तिथवर मीठ मुरलेल्या मातीतून पुढल्या वर्षी हरळी आणि तेरडा एकत्र उगवले, असं सांगतात. म्हाळसेचा मत्सर गेला का? जुनी माणसं म्हणायची, नाही. फुलांकडे बघताना तिचं तोंड जन्मभर वाकडं व्हायचं. मात्र उपटायला हात पुन्हा गेला नाही.

आजही कुसवड्यात गौर धाकटी सून आणते आणि तिचे पाय थोरली जाऊ धुते. काही थोरल्या मुद्दाम विहिरीतलं गारढोण पाणी घेतात. तेवढं गौरीला चालतं.