एका माळेचे पाणी

नातालबाईच्या पानवेली पिवळ्या पडत चालल्या होत्या, आणि त्याला कारण इनास पाटलांची भक्ती होती.

दांडेवाडीच्या विहिरीवर घड्याळ कधीच नव्हते. पूर्वजांनी पाण्याची पाळी प्रार्थनेने मोजली होती. आठवड्यातून एकदा, एका घराला एका जपमाळेचे पाणी. माळ सुरू झाली की रहाटाला बैल जुंपायचा, माळ संपली की पाट पुढच्या घराकडे वळवायचा. माळ म्हणण्याचा मान पाटलांच्या घराण्याचा. देवाचे नाव घेऊन वाटलेल्या पाण्यात लबाडी कोण करील, असे त्या भोळ्या पूर्वजांना वाटले. त्यांनी इनास पाटील पाहिले नव्हते.

स्वतःची पाळी आली की पाटलांच्या अंतःकरणाला पाझर फुटे. एकेका मण्यावर ते थबकत, डोळे मिटून घेत, उसासा टाकत आणि 'नमो मरिये' जिभेवर घोळवत. दहा-दहा मण्यांची पाचही दशके पुरी झाली तरी त्यांचा जीव निवत नसे. मग सर्व संतांची नावे, मग सर्व देवदूतांची. तोवर बैलाच्या तोंडाला फेस येई आणि पाटलांच्या केळी घोटाभर पाण्यात उभ्या असत. नातालबाईची पाळी आली म्हणजे मात्र त्याच मुखातून तीच माळ जात्यातून भरड पडावी तशी सुटे. तिने वाफ्याचे तोंड मोकळे करून कुदळ खाली ठेवावी, तोच पाटलांचे 'आमेन' कानी यावे. नवरा गेल्यापासून तिच्या आणि दोन मुलींच्या पोटाला आधार होता तो या वेलींचाच.

उपासकाळाच्या दुसऱ्या रविवारी फादरांनी दयेवर प्रवचन केले. पाटलांनी ते छातीवर हात ठेवून ऐकले. मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या अंगणात नातालबाईने चारचौघांसमोर पाण्याचा विषय काढला. पाटलांनी मोठ्या सौम्यपणाने विचारले, "का गं नाताल, माझ्या माळेत तुझ्या वाट्याचा एखादा मणी कमी भरतो की काय?"

"मणी पुरे भरतात, पाटील. श्वास तेवढा घेत नाही तुम्ही. तुमच्या जिवाची काळजी वाटते."

अंगण हसले. पाटलांचा सौम्यपणा तिथेच संपला. प्रार्थनेला कुणी लगाम घालू शकत नाही, ती आत्म्याच्या ओढीने चालते, असे त्यांनी सर्वांना समजावून दिले, आणि मग तिला अट घातली.

"माझ्या पाळीची माळ जेवढी सावकाश चालते, तेवढीच सावकाश तुझ्या पाळीची माळ माझ्याच तोंडून म्हणवून दाखव. मला सांगायचे नाही, मला शिवायचे नाही, फादरांकडे गाऱ्हाणे न्यायचे नाही. या बुधवारी जमले, तर मागशील ते देईन. नाही जमले, तर तुझ्या पाळीचे पाणी कायमचे माझ्या केळींना."

नातालबाई घरी आली. पिवळ्या वेलींतून तिने दोन हिरवी पाने शोधून खुडली, त्यांचा विडा केला आणि ती पाटलांच्या घरी, त्यांच्या वृद्ध आईकडे, रेमेतमावशींकडे गेली. पाण्याचा तिने शब्द काढला नाही. एवढेच म्हणाली, की मावशींचे यजमान, कैलासवासी मोठे पाटील, फार न्यायी होते. बुधवारची माझ्या पाळीची माळ त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी अर्पण करावी, असे मनात आले आहे. मावशींनी पदराने डोळे टिपले. वीस वर्षांत सुनेलासुद्धा हे सुचले नाही, असे सून ऐकेल एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या.

बुधवारी पाटील विहिरीवर आले ते माळ बोटांत तयार ठेवूनच. पाहतात तो काठावर चटई अंथरलेली, मेणबत्ती पेटलेली, आणि हाती मोठ्या पाटलांची काठी घेऊन आई बसलेली. माळ कुणासाठी आहे, हे आईनेच त्यांना सांगितले.

सवय वाईट. पहिले दशक पाटलांनी नेहमीप्रमाणे चौखूर सोडले. दुसऱ्या दशकाच्या तोंडाशीच आईची काठी दगडावर आपटली.

"इनास, बापाला शुद्धिस्थानातून सोडवतोस, की वेशीबाहेर हाकलतोस? पुन्हा पहिल्यापासून म्हण."

पाटलांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटले. एकेक मणी, एकेक उसासा. बैल संथ फिरत राहिला, रहाटाची मडकी भरून येत राहिली. नातालबाई ओठांत प्रतिसाद देत कुदळीने एकामागून एक वाफ्याचे तोंड मोकळे करीत होती. पाच दशके सरली तेव्हा मावशींनी सर्व संतांची आठवण करून दिली, नंतर देवदूतांचीही. शेवटच्या वेलीचे आळे भरून वाहू लागले तेव्हा पाटलांच्या तोंडून 'आमेन' बाहेर पडले.

घाम पुसत ते तिच्या बांधावर आले.

"आज बाबांनी तारले तुला. पुढच्या बुधवारी काय करशील?"

"पुढच्या बुधवारी तुमचे आजोबा, पाटील. त्यांच्यामागून चुलत आजोबा, मग तुमचे सांतान काका. मावशींनी बसून नावे सांगितली आहेत. पावसाळा लागेपर्यंत पुरतील एवढे मृतात्मे आहेत तुमच्या घराण्यात."

पाटील आधी तिच्याकडे पाहत राहिले, मग काठावरच्या आईकडे. नको नको म्हणताना त्यांच्या मिशीखाली हसू फुटले.

"हरलो. बोल, काय देऊ?"

"उद्या तुमची पाळी आहे. उद्यापासून तुमच्या पाळीची माळ मला म्हणू द्या."

"आणि तुझ्या पाळीची?"

"ती तुम्हीच म्हणा. बुधवारी तुम्ही म्हणाल तशी मी शिकेन, आणि गुरुवारी अगदी तशीच म्हणेन."

यावर पाटील असे हसले, की रहाटाचा बैल थांबून मागे पाहू लागला. त्यांनी बोटांतली माळ काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या मुलींसाठी केळीचे दोन घड उतरवून आणायला गड्याला पिटाळले.

"पण उद्या जरा दमाने घे, नाताल," जाता जाता ते म्हणाले, "माझ्या केळी अजून लहान आहेत."