घासभर शेवाळ

फार पूर्वी एका खाडीत एक कुर्ली राहायची. ओहोटीला माशांची पिल्लं डबक्यात अडकायची आणि बगळ्याचं आयतं फावायचं. म्हणून कुर्ली दिवसभर खडकावर बसून पाण्याची चाल अभ्यासायची. पोट मात्र रिकामंच.

बगळा म्हणाला, "रोज पोटभर खायला घालतो. पाणी कधी ओसरणार, ते फक्त मला सांगायचं."

कुर्लीने नांगी उगारली.

हे कळताच मासे, गोगलगायी सगळ्यांनी घासघास शेवाळ आणून दिलं. कुर्लीला हुरूप आला. आता तिची हाक आली की पिल्लं ओहोटीआधीच खोल पाण्यात.

एकदा उधाणाने बगळ्याचं घरटं भिजलं. तो ओशाळून आला. "उधाणाचं मलाही सांगशील?"

"सांगेन की. घासभर शेवाळ आण, सगळ्यांसारखं."

दुसऱ्या दिवशी बगळा रांगेत उभा होता. चोच शेवाळाने भरलेली, त्यामुळे पुढचे मासेही निर्धास्त होते.