मानाची दुर्बीण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव आज कुणालाच सांगता येणार नाही, आणि खरं सांगू का, त्याने काही अडतही नाही. तुम्ही लहान असाल तर मांडी घालून बसा. मोठे असाल तर जरा पाय पसरून बसा, कारण ही गोष्ट दमलेल्या माणसाची आहे.

त्या राज्यात एक डोंगरी गड होता. गडाच्या टोकावर एक बुरूज होता आणि त्या बुरुजावर येमाजी नावाचा म्हातारा टेहळणीला बसायचा. खाली दूरवर गवताळ दरी, दरीच्या पोटात एक वाडी, आणि वाडीच्या पलीकडे नदी. शत्रूचं भय त्या बाजूला नव्हतं. भय होतं ते वणव्याचं. उन्हाळ्यात कंबरभर वाढलेलं गवत वाळून कोरडंठाक व्हायचं, एखादी ठिणगी पुरायची, आणि वाऱ्याबरोबर आग अशी धावायची की घोडा मागे पडावा.

म्हणून त्या गडाची आणि वाडीची एक रीत होती. रोज सकाळी वाडीतलं कुणीतरी खळ्यावर उभं राहून पांढऱ्या कापडाचा धडपा हलवायचं. म्हणजे, 'आम्ही उठलो, तुम्ही बघताय ना?' मग बुरुजावरचा टेहळ्या दुर्बीण डोळ्याला लावून सगळी दरी नीट न्याहाळायचा आणि शिंग एकदाच, आखूड फुंकायचा. म्हणजे, 'बघितलं. भय नाही. कामाला लागा.' शिंग लांबलचक वाजलं, तर मात्र हातातलं सोडून नदीकडे पळायचं.

वाडीत धडपा हलवायची ती येमाजीची विहीणबाई. त्याची एकुलती एक लेक साळू तिच्याच घरात दिली होती. विहीणबाई मोठी खमकी बाई. धडपा हलवून झाला की बुरुजाकडे बघून हात हलवायची, आणि कधी कधी साळूच्या तान्ह्या पोराला उंच धरून दाखवायची. येमाजी ते सगळं दुर्बिणीतून बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. बायको गेल्यापासून त्याचं हसणं एवढंच उरलं होतं.

ती दुर्बीण कसली म्हणता? जुनाट होती हो. पितळ काळं पडलेलं, एका अंगाला पोचा आलेला, वरून बकरीचं कातडं सुतळीने आवळलेलं. पण बुरुजाच्या कठड्यावर एका दगडाला खाच पडली होती, आधीच्या कितीतरी टेहळ्यांनी तिथे ती टेकवून टेकवून. दुर्बीण त्या खाचेत ठेवली, की म्हाताऱ्याचा थरथरता हातसुद्धा थांबायचा.

आता राजाचं ऐका. राजा वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. एकदा समुद्रापलीकडून एक व्यापारी आला आणि त्याने राजापुढे एक दुर्बीण ठेवली. हस्तिदंताची नळी, तिच्यावर सोन्याची वेलबुट्टी, कडेला माणकं. ज्या कारागिराने ती घडवली, त्याने तशा मोजक्याच घडवल्या होत्या आणि मग साचा फोडून टाकला होता म्हणे. प्रत्येकीवर तिचा क्रमांक कोरलेला. शेजारच्या राजाकडेही तसली एक होती, पण तिचा क्रमांक नंतरचा होता. तेवढ्यानेच आपल्या राजाला रात्रभर गोड झोप लागली.

सकाळी राजा म्हणाला, "आपला येमाजी इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलाय. ही दुर्बीण त्याच्या बुरुजावर शोभेल."

झालं. वाजतगाजत पालखीतून दुर्बीण गडावर आली. आणि त्या गडाचा आणखी एक रिवाज होता. राजाच्या हातून मानाची वस्तू आली, की तिच्या जोडीला जुनी वस्तू ठेवायची नाही. जुनीला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि गडावरच्या तळ्यात सोडून द्यायची. येमाजीची ती पोचा आलेली दुर्बीण अशी सन्मानाने तळ्याच्या तळाशी गेली. त्याला बोलावंसं वाटलं, पण एवढी माणसं हात जोडून उभी असताना तो काय बोलणार?

नव्या दुर्बिणीबरोबर जामदारखान्याचे जामदार आले. मौल्यवान चीजवस्तू सांभाळणं हे त्यांचं काम, आणि आता ही वस्तू त्यांच्या माथी आली होती. बुरुजावरच्या कोनाड्यात चंदनाची पेटी, पेटीला कुलूप, किल्ली जामदारांच्या कमरेला.

"हे बघ येमाजी," जामदार म्हणाले, "घामट हात लावायचा नाही. दगडावर टेकवायची नाही, सोनं खरवडेल. उन्हात काढायची नाही, हस्तिदंत तडकतो. वाऱ्यात नको, धुळीत तर मुळीच नको. काही झालं तर माझं डोकं जाईल बाबा. तुझं तरी राहील का, सांग?"

येमाजीने मान डोलावली. ऊन, वारा आणि धूळ. उन्हाळ्यात त्या बुरुजावर याखेरीज दुसरं असतंच काय!

सुरुवातीला तो रोज सकाळी खाली सदरेवर जाऊन जामदारांना उठवायचा. जामदार अंगाने भरलेले, पायऱ्या चढता चढता त्यांचा श्वास फुलायचा. मग हात धुवायचे, पेटीला नमस्कार करायचा, रेशमी रुमालांच्या घड्या उलगडायच्या. येमाजी दुर्बीण दोन्ही हातांत तान्ह्या पोरासारखी धरायचा. टेकवायची सोय नाही, त्यामुळे हात कापायचे आणि दरी डोळ्यांपुढे नुसती नाचायची.

"झालं का?" जामदार विचारायचे. "वारा सुटायला लागलाय."

"झालं," येमाजी म्हणायचा. झालेलं नसायचं.

काही दिवसांनी जामदार वैतागले. "अरे, काल तर बघितलंस ना? दरी काय कुठे पळून चाललीय?" मग येमाजी एक दिवसाआड बोलवायला लागला. मग बाजाराच्या दिवशी. मग सणावारी. त्याचे गुडघे दुखत होते, आणि एका नजरेसाठी माणसाची इतकी मनधरणी करणं त्याच्या जिवावर यायला लागलं होतं. कंटाळा असा हळूच येऊन बसतो हो, आपण त्याला पाट मांडून दिलेला असतो हेही कळत नाही.

पण शिंगाचं काय? वाडीतली माणसं तर वाट बघणार. नुसत्या डोळ्यांनी येमाजीला धडपा दिसत नव्हता. खळंही दिसत नव्हतं. दरीवर उन्हाळ्याचं धुरकट आभाळ पसरलेलं असायचं, आणि त्यात धूळ कुठली आणि धूर कुठला हे त्याच्या म्हाताऱ्या नजरेला उमगत नव्हतं. तरी तो उठायचा, शिंग ओठांना लावायचा आणि रोजच्या वेळेला आखूड फुंकायचा.

पहिल्यांदा तसं फुंकलं, तेव्हा दिवसभर त्याला अन्न गोड लागलं नाही. पुढे पुढे लागायला लागलं.

मध्यंतरी राजा गडावर आला होता. सगळ्या मानकऱ्यांसमोर त्याने विचारलं, "काय येमाजी, कशी आहे आमची दुर्बीण?"

येमाजीच्या ओठांवर खरं आलं होतं. पण राजाचा चेहरा लेकराला खेळणं देणाऱ्या बापासारखा फुलला होता, आणि बाजूला जामदार घाम पुसत उभे होते. "फार सुंदर आहे, महाराज," येमाजी म्हणाला. राजा खूश झाला, मानकरी खूश झाले, आणि पेटीला पुन्हा कुलूप लागलं.

मग तो दिवस उजाडला.

सकाळपासूनच वारा भणाणत होता. येमाजीने नेहमीसारखं दरीकडे तोंड केलं, काही दिसलं नाही, आणि नेहमीसारखं शिंग आखूड फुंकलं. मग भाकरीचं फडकं सोडून बसला. दुसरा घास तोंडात होता, तेव्हा वाऱ्याने वास आणला. जळक्या गवताचा.

हातातली भाकरी तिथेच पडली. म्हातारा पडत धडपडत सदरेवर गेला. "जामदारसाहेब, पेटी उघडा! जळल्याचा वास येतोय!"

"अरे, वारा बघ किती सुटलाय! आणि धूळ केवढी! कुणाची तरी चूल असेल."

"साहेब, माझी साळू आहे हो खाली! पाया पडतो तुमच्या!"

जामदार किल्ली चाचपडत राहिले. द्यावी की न द्यावी, त्यांना काही ठरवता येईना. येमाजीने त्यांची वाट बघितली नाही. तो बुरुजावर परतला, कठड्याचा निखळलेला धोंडा उचलला आणि कुलपावर घातला. चंदनाची फळी फुटली. रेशमी रुमाल वाऱ्यावर उडाले. त्याने दुर्बीण काढली आणि जुन्या खाचेत दाणकन टेकवली. सोनं कर्रकन खरवडलं गेलं.

आणि काय सांगू तुम्हाला, इतकं स्वच्छ त्याला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. आग वाडीच्या गवताच्या गंजीपर्यंत आली होती. साळू पोराला कडेवर घेऊन अंगणात उभी होती. आणि खळ्यावर विहीणबाई बुरुजाकडे तोंड करून धडपा हलवत होती. हलवतच होती.

येमाजीने छाती फुटेस्तोवर शिंग फुंकलं. लांबच लांब. वाडी नदीकडे धावली. माणसं वाचली, पोरं वाचली. घरं मात्र एकूणएक गेली. विहीणबाई नदीपर्यंत आली होती, पण गोठ्यातली गुरं दाव्याला बांधलेली होती, म्हणून ती मागे फिरली. गुरं सुटून नदीवर आली. ती आली नाही.

संध्याकाळी येमाजी गड उतरून नदीकाठी पोचला. साळू वाळूत बसली होती. तिने बापाकडे बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळी धूर दिसत होता. मी म्हटलं, आत्याबाई, चला, निघूया. गुरंही सोडूया. त्यांनी धडपा हलवला आणि तुमचं शिंग वाजलं. मला म्हणाल्या, 'अगं, तुझा बाप वरून बघतोय. त्याला दिसत नाही होय? भय नाही म्हणतोय तो. कामाला लाग.'"

येमाजी तिच्या शेजारी वाळूत बसला. 

दुसऱ्या दिवशी राजा गडावर आला. जामदारांनी फुटकी पेटी आणि ओरखडा पडलेली दुर्बीण पुढे केली. येमाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, शिक्षा द्या. पण या ओरखड्याची नको. न बघता शिंग फुंकलं, त्याची द्या."

"पण तू मला आधी बोलला का नाहीस?" राजाने विचारलं.

"तुम्ही विचारलंत, दुर्बीण कशी आहे. तिच्यातून दिसतं का, हे विचारलं नाहीत. आणि मीही सांगितलं नाही. चुकलो, महाराज. फार चुकलो."

 राजाने ती दुर्बीण उचलली, खाचेत टेकवली आणि खाली बघितलं. काळी पडलेली दरी, उघड्यावर मांडलेल्या चुली, आणि राखेत काहीतरी शोधणारी साळू. बराच वेळ तो बघत राहिला. डोळा काढला तेव्हा तो ओला होता, आणि सोन्यावर आणखी एक ओरखडा पडला होता. त्याच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"हिला कातडं गुंडाळा," तो म्हणाला, "आणि इथेच ठेवा. कुलूप नको. वाडी माझ्या खर्चाने उभी राहील."

"आणि मला खाली उतरू द्या, महाराज," येमाजी म्हणाला. "डोळे दमले."

राजाने होकार दिला. बुरुजावर नवा टेहळ्या आला. दुर्बिणीची माणकं एकेक करून गळून पडली, वेलबुट्टी झिजली, आणि तो क्रमांकही पुसला गेला. पण दरीतली साध्या चुलीचा धूरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

येमाजी साळूच्या नव्या घरी राहायला आला. रोज सकाळी खळ्यावर जाऊन तोच धडपा हलवायचा. वरून शिंग वाजायचं, आखूड. वाडी कामाला लागायची. येमाजी मात्र शिंग वाजल्यावरही धडपा हातात धरून वर बघत उभा राहायचा, आणि साळूने हाक मारली की मगच घरात यायचा.

म्हणून सांगतो, लेकरांनो, आणि थोरांनो तुम्हालाही: जी वस्तू वापरायची आपल्याला भीती वाटते, ती आपल्या उपयोगाची राहत नाही, आपणच तिचे राखणदार होऊन बसतो.