आचार्य वामदेवांचा उत्तम वर्ग

सोनजा नदीच्या काठी एक विद्यापीठ होते. तिथे नऊशे मुले शिकत आणि देशोदेशीचे लोक त्याचे नाव घेत. राज्याचा नियम असा की, दर सात वर्षांनी राजाचे परीक्षक यायचे. ते येण्याआधी विद्यापीठाने स्वतःच स्वतःला तपासायचे, आपले चांगले काय, उणे काय, पुढे काय करणार, ते एका पोथीत लिहायचे. मग परीक्षक राजमुद्रा देत. मुद्रा नसेल तर तिथल्या पदवीला कुणी विचारत नसे.

नियम चांगलाच होता. पण माणसे हुशार! ती जुनी पोथी काढत, वर्ष बदलत आणि बाकी सारे जसेच्या तसे उतरवून काढत. आपणच विद्यार्थी आणि आपणच परीक्षक, मग नापास कोण होणार? ‘उणिवा’ या मथळ्याखाली सुंदर अक्षरात एकच शब्द असे, ‘नाहीत’.

त्र्यंबकशास्त्री तेव्हा दूरच्या गावाहून येऊन नुकतेच कुलगुरू झाले होते. परीक्षक यायला आठ दिवस उरले, तेव्हा दप्तरदार अनंतभटांनी पोथी सहीसाठी पुढे ठेवली. शास्त्रीबुवा वाचून खूश झाले. त्यात लिहिले होते, ‘हाडवैद्यकाचा वर्ग उत्तम. आचार्य वामदेव स्वतः रोज शिकवतात.’

ते सही करणार, इतक्यात सगुणा नावाची एक विणकरीण दारात आली. तिचा उजवा हात कोपरापासून विळ्यासारखा वाकडा झाला होता.

“तुमच्या हितं शिकलेल्या वैद्यानं बसवलाय,” ती म्हणाली. “सहा महिनं झालं, धोटा धरवत न्हाई. माग बंद पडलाय माझा.”

“आमच्या वैद्याने? शक्यच नाही!” शास्त्रीबुवा उठले. “चला बाई, खुद्द वामदेवांकडेच नेतो. ते सरळ करतील.”

दोघे हाडवैद्यकाच्या वर्गापाशी गेले. आत माणूस नव्हता. शिकवण्यासाठी केलेला लाकडी सांगाडा वाळवीने खाल्ला होता. झाडणाऱ्या म्हातारीला त्यांनी विचारले, “आचार्य कुठे आहेत?”

म्हातारी म्हणाली, “त्यांना जाऊन चार वर्षं झाली की, महाराज.”

शास्त्रीबुवा तसेच दप्तरात आले.

“अनंतभट, वामदेव वारले?”

“हो. फार सज्जन माणूस.”

“मग पोथीत ते रोज शिकवतात कसे?”

“मागच्या पोथीत तसे होते. गेलेल्या माणसाला वगळायचा रकाना नाही त्यात.”

“आणि या चार वर्षांत पदव्या घेतलेले वैद्य? त्यांना शिकवले कोणी? तपासले कोणी?”

अनंतभटांनी शांतपणे वही उघडली. “एकोणीस जण. सगळे पहिल्या श्रेणीत. निकाल अजून वामदेवांच्याच नावाने लागतो.”

असले काही शास्त्रीबुवांनी जन्मात ऐकले नव्हते. मेलेल्या माणसाने एकोणीस जणांना पास केले होते, आणि इतक्या विद्वानांत एकाच्याही डोक्यात प्रश्न आला नव्हता!

त्यांनी सगळ्या आचार्यांना बोलावले आणि खरे तेच लिहायचे म्हणून सांगितले. एकच गलका झाला. “मुद्रा गेली तर नऊशे मुलांचे वाटोळे होईल, शास्त्रीबुवा! एवढी एक ओळ राहू द्या.”

कोपऱ्यात उभी असलेली सगुणा म्हणाली, “त्या वळीनंच माझा हात मोडलाय.”

शास्त्रीबुवांनी पोथी नव्याने लिहिली. त्यांनी वर्ग बंद असल्याचे लिहिले, एकोणीस वैद्यांची नावे लिहिली, आणि त्यांना परत बोलावून, नवा आचार्य आणून पुन्हा शिकवू असेही लिहिले.

परीक्षक आले. भोजन झाले. पोथी न उघडताच प्रमुखांनी झोळीतून राजमुद्रा उमटवलेले निकालपत्र काढून दिले. त्यात लिहिले होते, ‘आचार्य वामदेवांचे अध्यापन प्रत्यक्ष पाहून समिती प्रसन्न झाली.’

शास्त्रीबुवांनी विचारले, “प्रत्यक्ष पाहिलेत? कधी?”

प्रमुख गोंधळले. “मागच्या निकालात होते तसे… आम्हीही उतरवले.”

“मग ही मुद्रा आम्हाला नको. आधी पाहा, मग लिहा.” असे म्हणून त्यांनी निकालपत्र परत केले आणि खरी पोथी त्यांच्या हाती दिली.

त्या वर्षी मुद्रा मिळाली नाही. दोनशे मुले सोडून गेली. नव्या आचार्यांकडे एकोणीसपैकी अकरा वैद्य पुन्हा शिकायला आले. सगुणाचा हात मात्र सरळ झाला नाही. हाड फार दिवसांपूर्वी वाकडे जुळले होते.

तात्पर्य: स्वतःला तपासायचे तर जुना कागद बाजूला ठेवून जागेवर जाऊन पाहावे; आपण न पाहता लिहिलेल्या ‘उत्तम’ची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागते.